तंबूतला पाऊस



दिवाळी उलटली की सह्याद्रीच्या वाटांवर पुन्हा गर्दी होऊ लागते. पावसाळी भटकंती संपलेली असते आणि मुक्कामी भटकंतीचे दिवस सुरू होतात. भंडारदऱ्याचा परिसर असो, राजमाची असो, पवना धरणाचा काठ असो, शनिवारी संध्याकाळी बघावं तर रंगीबेरंगी तंबूंची एक लहानशी वस्तीच उभी राहिलेली दिसते. आणि रविवारी सकाळी त्या वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "काय रे, रात्री पाऊस पडला का?"

पाऊस पडलेला नसतो. रात्रभर आकाश स्वच्छ होतं, चांदणं पडलं होतं. तरीही तंबूच्या कापडावर आतल्या बाजूने थेंब जमलेले असतात, कडेने ओघळ आलेले असतात, स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक ओलंचिंब असतं. मग तंबू गळका निघाला असा निकाल लागतो. ज्याने विकला त्याच्या नावाने चार शब्द बोलले जातात आणि पुढच्या मुक्कामाला तंबूच्या सगळ्या चेन आणखी घट्ट लावल्या जातात. म्हणजे आजार एक आणि औषध नेमकं उलटं.

आम्ही कवी मंडळींनी दहिवरावर पुष्कळ लिहिलं आहे. कवितेत ते नेहमी पाकळीवर पडतं, पहाटेच पडतं आणि मोत्यासारखं दिसतं. तंबूत ते रात्री तीन वाजता कपाळावर पडतं. पण दोन्हीकडचं शास्त्र एकच आहे. आज त्या शास्त्राबद्दल आणि त्यातून निघणाऱ्या चार व्यवहाराच्या गोष्टींबद्दल बोलावं म्हणतो.

पहिला प्रश्न, हे पाणी येतं कुठून? उत्तर जरा संकोचाचं आहे. त्यातलं पुष्कळसं पाणी आपलंच असतं. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून सतत बाष्प सोडत असतो. घाम आलेला नसला तरीही. आठ तासांच्या झोपेत हे पाणी एका माणसामागे पाव लिटरच्या आसपास जातं. तंबूत दोघं असतील तर अर्धा लिटर. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांपुढे आणा. तेवढं पाणी रात्रभरात त्या लहानशा कापडी खोलीत हवेत मिसळतं. शिवाय ओले मोजे, घामेजलेला सदरा, खालची ओलसर जमीन, तंबूला लागून असलेलं गवत, ही सगळी भर वेगळीच.

आता हवेची ताकद पाहू. हवा बाष्प धरून ठेवते, पण तिलाही मर्यादा असते आणि ती मर्यादा तापमानाबरोबर बदलते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. १० अंशांना साडेनऊच्या जवळपास. आणि शून्य अंशाला जेमतेम पाच. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तो याचमुळे. पावसाळ्यात एसटीच्या काचा आतून धुरकटतात, त्याही याचमुळे. पेल्याजवळची हवा थंड होते, हातातलं ओझं तिला पेलवत नाही आणि ती ते तिथेच टाकून देते.

दोघांच्या हलक्या तंबूत हवा असते दोन ते तीन घनमीटर. बाहेर १० अंश तापमान असेल तर त्या हवेची सगळी ताकद मिळून पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे दोघं माणसं अर्ध्या तासातच ती संपवतात. पुढचे साडेसात तास काय होणार? एक तर आतली हवा सतत बाहेर गेली पाहिजे आणि बाहेरची आत आली पाहिजे, किंवा जादा बाष्प कापडावर पाणी होऊन बसलं पाहिजे. तिसरा रस्ता नाही.

इथे कापडाचाही एक भाग आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रं थंडीत आपण वर्तमानपत्रात पाहतो. गंमत अशी की, त्याच पहाटे महाबळेश्वरच्या हवेचं तापमान पुष्कळदा शून्याच्या वर काही अंश असतं. मग बर्फ कसा होतो? निरभ्र रात्री गवताचं पातं, गाडीचा टप, होडीची फळी अशा वस्तू आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात. तंबूचं कापड तर अगदी पातळ, त्याच्यात उष्णता साठवून ठेवायला काहीच नाही. ते भराभर निवतं. म्हणून जितकी रात्र स्वच्छ, जितके तारे जास्त, तितका तंबू ओला. ढगाळ रात्री आकाशावर गोधडी असते, तेव्हा हा त्रास कमी होतो.

जुन्या काळी हा त्रास एवढा नव्हता का? होता, पण वेगळा होता. सुती कॅनव्हासचा तंबू जड असे, पण त्याच्या धाग्यांतून हवा थोडी खेळत असे. अरबस्तानातल्या बदाऊनी लोकांचा काळा तंबू शेळीच्या केसांचा विणलेला. कोरड्या हवेत त्याच्या विणीतून धूर आणि ऊब बाहेर जाते, पाऊस आला की केस फुगतात आणि विण आवळली जाते. या तंबूला अरबीत 'केसांचं घर' म्हणतात. गझल लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना यात विशेष जवळीक वाटते. अरबीत घर किंवा तंबू म्हणजे 'बैत' आणि कवितेतल्या दोन ओळींच्या शेरालाही 'बैत'च. अरबी छंदशास्त्रात लहान तुकड्यांना दोरी आणि मेख अशा अर्थांची नावं आहेत. ज्याला आपण मिसरा म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ दाराची एक झडप. तंबू ठोकणाऱ्या लोकांनी कविता मोजली ती तंबूच्या भाषेत आणि त्या भाषेत दाराला मानाची जागा आहे.

आजचा पाठीवर न्यायचा तंबू मात्र नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. त्यावर सिलिकॉनचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप. दोन माणसांचा तंबू दीड किलोच्या आत मिळतो, पावसाचा थेंब आत येऊ देत नाही. पण जो लेप बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आतलं बाष्पही बाहेर जाऊ देत नाही. हलकेपणाची ही किंमत आहे. ती चुकत नाही, फक्त हुशारीने चुकवावी लागते.

अकोले तालुक्यातल्या एका गावात मुक्कामाला होतो. ज्यांच्या अंगणात तंबू लागले होते, ते मामा सकाळी चहा देताना म्हणाले, "सर, पोरं रातच्याला तंबू गळ्यापर्यंत बंद करत्यात, आन सकाळी मलाच इचारत्यात, मामा पाऊस झाला काय! आमचं कौलाचं घर बघा. आत चूल पेटती, धूर जातो, वाफ बी जाती. शेजारच्यानं नवा पत्रा टाकला, तर थंडीत त्याच्या आंथरुनावर ठिपके पडाया लागले." ज्या गोष्टीसाठी मी आकडे सांगितले, ती त्यांनी कौल आणि पत्रा या दोन शब्दांत सांगितली होती.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, तंबू आपल्याला ऊब देण्यासाठी नसतो. तंबू वारा आणि पाऊस अडवतो. ऊब देतात ती स्लीपिंग बॅग आणि तिच्याखालची मॅट. दार थोडं उघडं राहिलं तर आतलं तापमान थोडं उतरेल, पण बॅग कोरडी राहील. आणि कोरडी बॅग थंड तंबूतही माणसाला राखते. बदकाच्या पिसांची बॅग ओली झाली की तिची पिसं गोळा होतात, त्यांच्यातली हवा जाते आणि ऊबही जाते. सह्याद्रीत फार तर एक रात्र कुडकुडत जाईल. हिमालयात चौथ्या-पाचव्या मुक्कामाला हीच गोष्ट जिवाशी येऊ शकते.

याचं एक उदाहरण इतिहासात नोंदलेलं आहे. १९११ सालच्या जून अखेरीस, म्हणजे अंटार्क्टिकावरच्या ऐन काळोख्या हिवाळ्यात, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले. पाच आठवडे ते चालले. तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरलं. थंडीमुळे ते केसाळ कातड्यांच्या बॅगांत तोंड आत घेऊन झोपत आणि श्वासाचं, घामाचं सगळं बाष्प त्या बॅगेतच गोठत जाई. चेरी-गॅरार्डची बॅग निघताना सुमारे १८ पौंडांची होती, परतताना ती ४५ पौंडांच्या घरात गेली होती. म्हणजे आठ किलोंची वीस किलो झाली. ही वाढ बर्फाची होती आणि तो बर्फ बाहेरून आलेला नव्हता. तिघेही त्या सफरीतून जिवंत परतले, हेच नवल.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात जागेपासून. संध्याकाळी पाण्याचा काठ फार मोहात पाडतो. पण तिथली हवा आधीच ओलसर असते आणि रात्री डोंगरावरची जड थंड हवा उतरून खोलगट जागेत साचते. म्हणून काठापासून आणि खोलगटीपासून थोडं वर, जिथे हलकी झुळूक लागते, अशी जागा घ्यावी. हिरव्यागार गवतापेक्षा कोरडी जमीन बरी. झाडाखाली दहिवर कमी पडतं, कारण फांद्या तंबू आणि आकाश यांच्यामध्ये छत धरतात. फक्त वर वाळकी फांदी किंवा मधमाश्यांचं पोळं नाही ना, हे पाहून घ्यावं.

दुसरं, तंबू ताणून उभा करणं. बऱ्याच तंबूंना दोन पदर असतात. आतला जाळीचा किंवा पातळ कापडाचा आणि बाहेरचा पाणी न शिरणारा, ज्याला फ्लाय म्हणतात. बाष्प आतल्या पदरातून जातं आणि फ्लायवर जमतं. थेंब ओघळले तरी बाहेरच्या बाजूने खाली जातात. पण या दोन पदरांमध्ये मोकळी जागा राहिली तरच. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, फ्लाय आतल्या पदराला चिकटते आणि सगळी योजना फसते. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा दोऱ्या पुन्हा ताणून घ्याव्यात. फ्लायची खालची कड जमिनीला टेकवू नये, चार बोटं तरी वर राहू द्यावी. जोराचा वारा आणि पाऊस असेल तेव्हा मात्र ती उतरवावी.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, हवेला येण्याची वाट आणि जाण्याची वाट. दोन्ही हव्यात. आपल्या शरीराने तापलेली, बाष्प घेतलेली हवा हलकी होते आणि वर चढते. वर झरोका उघडा असेल तर ती निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालून थंड, कोरडी हवा आत येते. नुसता वरचा झरोका उघडून खाली सगळं बंद ठेवलं तर हा प्रवाह नीट चालत नाही. म्हणून दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवावी आणि खाली फ्लायची फट ठेवावी. दोन दारं असतील तर दोन्ही थोडी थोडी उघडी ठेवावीत. तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाला असलं, की पाऊस आला तरी वरचा झरोका बंद करावा लागत नाही.

चौथं, आत पाणी नेऊ नये. ओले कपडे, बूट आणि रेनकोट दाराबाहेरच्या फ्लायखालच्या पडवीत ठेवावेत. तोंड स्लीपिंग बॅगेत खुपसून झोपू नये. नाक-तोंड बाहेर आणि डोक्याला लोकरीची टोपी, हा सोपा उपाय आहे. डोकं दाराच्या बाजूला ठेवलं तर श्वास लवकर बाहेर जातो.

आणि तंबूत स्टोव्ह पेटवू नये. हे मी आवाज थोडा चढवून सांगतो. ब्यूटेन गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो. १०० ग्रॅम गॅस जळला की दीडशे ग्रॅमहून अधिक पाण्याची वाफ होते, भांड्यातून येणारी वाफ वेगळीच. पण ओलावा हा त्यातला लहान धोका. मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत जाळ अपुऱ्या हवेवर जळला की तो तयार होतो आणि झोपेतल्या माणसाला उठण्याची संधीही देत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले, ते उठले नाहीत. ती तर बांधलेली खोली होती. तंबू तिच्याहून कितीतरी लहान. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेणारेही मी पाहिले आहेत. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, मोज्यात घालून पायाशी घ्यावी.

एवढं करूनही काही रात्री तंबू ओला होणारच. जेव्हा बाहेरच धुकं दाटलेलं असतं, किंवा आपल्या पावसाळ्यात हवा बाष्पाने भरूनच आलेली असते, तेव्हा झरोके उघडून आत येणार ती ओली हवाच. अशा वेळी तंबू कोरडा ठेवण्याचा हट्ट सोडावा आणि आपण कोरडं राहण्याकडे लक्ष द्यावं. कापडाला अंग लागू देऊ नये, बॅगेचं टोक भिंतीला टेकू देऊ नये. एक लहानसा सुती पंचा हाताशी ठेवावा. पहाटे जाग आली की पहिल्यांदा आतलं कापड पुसून घ्यावं, मगच हालचाल करावी. म्हणूनच आपल्या हवेत एका पदराचा, अगदी हलका तंबू घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. लडाखच्या कोरड्या हवेत तो निभतो. सह्याद्रीत दुसऱ्या पदराचं चारशे-पाचशे ग्रॅम ओझं मला तरी वसूल वाटतं.

उंच हिमालयात हेच पाणी आतल्या बाजूला बर्फाची नाजूक साय होऊन बसतं. सकाळी तंबूला धक्का लागला की ती भुरभुर अंगावर पडते. ऊन लागून वितळण्यापूर्वीच ती हळूच झाडून बाहेर टाकावी. वितळली की मग ती पुन्हा पाणी.

तंबू गळतो आहे की आपल्याच श्वासाने भिजला आहे, हे ओळखायचं कसं? सोपं आहे. गळती एका जागी असते, शिवणीपाशी असते आणि पावसातच होते. श्वासाचं पाणी छतावर सगळीकडे सारखं पसरलेलं असतं आणि चांदण्या रात्री सर्वांत जास्त असतं. तंबू परत करायला दुकानात जाण्यापूर्वी एवढं पडताळून पाहावं.

शेवटची गोष्ट सकाळची. घाईत ओला तंबू तसाच गुंडाळला, तर पाणी पाठीवर येतं, वजन वाढतं आणि दुसऱ्या रात्री तेच पाणी पुन्हा हवेत मिसळतं. दुपारी जेवायला थांबाल तेव्हा फ्लाय एखाद्या खडकावर पसरावी, स्लीपिंग बॅग उलटी करून उन्हात घालावी. अर्ध्या तासात फरक पडतो. पुढे चालायची घाई असेल तर ओली फ्लाय आणि कोरडा आतला पदर निदान वेगवेगळ्या पिशव्यांत भरावेत. आणि घरी आल्यावर तंबू गच्चीवर किंवा निदान पंख्याखाली पूर्ण सुकवूनच ठेवावा. दमट ठेवलेल्या तंबूला बुरशी येते, पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटू लागतो आणि मग तो तंबू खरोखरच गळतो.

पहिल्यांदा मुक्कामाला निघालेल्या मुलांना आई-वडील एकच सूचना देतात, "थंडी आहे, नीट बंद करून झोपा." त्या सूचनेत माया आहे, यात शंका नाही. तिच्यात एवढीच दुरुस्ती करा. टोपी घाला, मॅट जाड घ्या, बॅग अंगाभोवती नीट ओढून घ्या आणि दार मात्र वरून वीतभर उघडं ठेवा. रात्री त्या फटीतून थोडा गारवा येईल. येऊ द्या. त्याच फटीतून तुमचा श्वासही बाहेर जाणार आहे.